उमेदवारीचीं वर्षें : रेणूंच्या हिशेबाचा इतिहास

लोणारचें सरोवर बुलढाणा जिल्ह्यांत आहे, हें महाराष्ट्रांतील शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. काळ्या खडकांत पडलेला सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खळगा, त्याच्या तळाशीं हिरवट खारें पाणी, कांठच्या झाडींत जुनीं देवळें आणि वर गांवांत दैत्यसूदनाचें मंदिर, असें हें स्थळ आहे. विष्णूनें लवणासुरास येथें मारिलें म्हणून पाणी खारें झालें, असें जुने लोक सांगत. आकाशांतून कोसळलेल्या पाषाणाच्या आघातानें हा खळगा पडला, असें भूशास्त्र सांगतें. आणि आघाताच्या दाबानें कांचेसारख्या झालेल्या स्फटिकांचा दाखला त्यासाठीं इ. स. १९७३ पासून दिला जात आहे. इ. स. २०२० च्या जून महिन्यांत या पाण्याचा रंग एकाएकीं गुलाबी झाला. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून असा निर्णय दिला कीं, खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ नामक सूक्ष्म जीवांच्या अंगच्या रंगामुळें हा पालट झाला.

रंगाचें कोडें सुटलें. परंतु त्याच्या पोटांत दुसरें एक कोडें आहे. लोणच्यांत मीठ कां घालावयाचें, हें आमच्या घरोघरच्या स्त्रियांस शिकवावें लागत नाहीं. मीठ पाणी ओढून घेतें, आणि लोणचें नासविणारे जीव त्यांत तग धरीत नाहींत. मग हे लवणप्रिय जीव मिठांतच कसे नांदतात? त्यांच्या शरीरांतील प्रथिनें विसकटून कां जात नाहींत? रसायनशास्त्र याचें अर्धें उत्तर देतें. या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भाराचीं स्थानें इतरांहून पुष्कळ अधिक असतात, आणि तीं पाण्याला व क्षाराच्या कणांना आपल्याभोंवतीं धरून ठेवितात. परंतु प्रथिन, पाणी व क्षार यांची क्षणोक्षणीं चालणारी ही धक्काबुक्की प्रत्यक्ष पाहावयाची, तर कोणतेंहि सूक्ष्मदर्शक पुरें पडत नाहीं. ती हिशेबानेंच पाहावी लागते. रेणूंची प्रतिमा गणकयंत्रांत उभी करून तिचे व्यापार गणितानें चालविण्याच्या या विद्येचा थोडका इतिहास येथें सांगावयाचा आहे.

हा इतिहास सांगण्यास एक घरगुती कारणहि आहे. चिखली, मेहकर, खामगांव अशा गांवांतून शिकून बाहेर पडलेलीं मुलें-मुली आतां रसायनशास्त्रांत वा पदार्थविज्ञानांत डॉक्टरेट मिळवितात, आणि ती मिळाल्यावर घरीं पत्र येतें कीं, “मी आणखी दोन वर्षें पोस्टडॉक करीत आहें.” वडील माणसांस हा शब्द उमगत नाहीं. डॉक्टर झाल्यावर पुन्हां शिकावयाचें काय, पगार पक्का कां नाहीं, लग्नाचें काय, असे प्रश्न सणावारीं घरांत निघतात, आणि त्यांस उत्तर देतांना तरुण माणूस ओशाळतो. आमच्या भाषेंत या अवस्थेस एक जुना, नेमका शब्द आहे, आणि तो म्हणजे उमेदवारी. पूर्वीं कचेरींत व वकिलाच्या हाताखालीं उमेदवारी करीत, तशीच ही विद्येची उमेदवारी होय. हीं वर्षें वायां जातात काय, याचा निकाल इतिहासास विचारूनच लावणें बरें.

प्रथम हा हिशेब आहे तरी काय, तें पाहूं. एका पेटींत कांहीं अणु आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक अणु दुसऱ्यास ओढतो किंवा ढकलतो. या ओढीचा व ढकलण्याचा नियम ठाऊक असला, तर न्यूटनच्या गतिनियमांवरून क्षणभरानंतर प्रत्येक अणु कोठें असेल हें काढतां येतें. तेथून पुढचा क्षण, तेथून त्याच्याहि पुढचा. तत्त्व एवढेंच आहे. अडचण आहे ती संख्येची. अणु शंभर असले तर त्यांच्या जोड्या ४,९५० होतात. हजार असले तर जवळजवळ पांच लाख. शिवाय क्षण फार बारीक धरावा लागतो. कारण अणु इतके चपळ असतात कीं, पाऊल जरा मोठें पडलें तर सारा हिशेब उधळून जातो. माणसाच्या हातून हें काम होणें नाहीं. म्हणून ही विद्या गणकयंत्राबरोबरच जन्मली.

तिचा आरंभ अमेरिकेंत झाला. इ. स. १९५३ सालीं लॉस अलामॉस येथील ‘मॅनिअॅक’ नांवाच्या यंत्रावर २२४ कणांचा हिशेब करण्यांत आला. त्यांत कण न्यूटनच्या नियमानें न चालवितां फांसे टाकल्याप्रमाणें हलविले होते, आणि ती रीत आज जगभर ‘मेट्रोपोलिस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. निबंधावर पांच लेखकांचीं नांवें वर्णानुक्रमानें छापलीं होतीं. मेट्रोपोलिस यांचें पहिलें आलें, आणि रीतीसहि तेंच चिकटलें. परंतु यंत्रास समजेल अशा भाषेंत तो हिशेब उतरविण्याचें काम आर्यना रोझेनब्लुथ या स्त्रीनें केलें होतें. पन्नास वर्षांनंतर, २००३ सालीं, तिचे पूर्वीचे पति व सहलेखक मार्शल रोझेनब्लुथ यांनीं तसें सांगितलें. आर्यनेनें १९४९ सालीं हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली होती, आणि त्यानंतर स्टॅनफर्ड येथें उमेदवारी करून ती लॉस अलामॉसला आली होती. पुढें मुलें झाल्यावर तिनें संशोधन सोडलें. आज जे तरुण ही रीत वापरतात त्यांपैकीं फारच थोड्यांस तिचें नांव ठाऊक असतें.

न्यूटनच्या नियमानें कण चालविण्याची दुसरी रीत ऑल्डर व वेनराइट यांनीं १९५७ सालीं लिव्हरमोर येथें सिद्ध केली. त्यांचे कण म्हणजे केवळ टणक गोळ्या होत्या. तरीहि अशा गोळ्या पुरेशा दाटीनें भरल्या कीं द्रवाचें घन होतें, ही नवी गोष्ट त्यांतून निघाली. त्यांच्या यंत्राचें कार्यक्रमलेखन मेरी अॅन मॅनसिघ या स्त्रीनें वर्षानुवर्षें केलें. तिचा उल्लेख लेखक म्हणून नव्हे, तर निबंधाच्या अखेरीस आभारांत होत असे. या विद्येच्या पाळण्याशींच हा प्रश्न उभा आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें : काम कोणाचें आणि नांव कोणाचें?

टणक गोळ्या सोडून खऱ्या द्रवाकडे वळण्याचें श्रेय मात्र आमच्याच बाजूच्या एका गृहस्थास आहे. अनीसुर रहमान यांचा जन्म १९२७ सालीं हैदराबादेस झाला. त्या वेळीं बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडांत मोडे, तो वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत असला तरी कागदोपत्रीं निजामाचाच होता. १९०२ च्या करारानें तो कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांस दिलेला होता. लोणारच्या पलीकडे थोडें गेलें कीं निजामाची प्रत्यक्ष हद्द लागत असे. तेव्हां रहमान हे आमच्या शेजारचे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. उस्मानिया विद्यापीठांत व केंब्रिजला शिकून, बेल्जममधील लूव्हें येथें डॉक्टरेट घेऊन ते परतले, उस्मानियांत त्यांनीं कांहीं काळ अध्यापन केलें, आणि १९६० सालीं ते अमेरिकेंत शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेंत गेले.

तेथें १९६४ सालीं त्यांनीं द्रव आर्गॉनच्या ८६४ अणूंचा हिशेब प्रसिद्ध केला. ८६४ अणूंच्या जोड्या ३,७२,८१६ होतात. क्षण धरला होता सेकंदाचा एक कोटि-कोटींवा भाग, म्हणजे एकावर चौदा शून्यें मांडून जी संख्या होते तितकावा अंश. यंत्र होतें ‘सी. डी. सी. ३६००’. निघालेलीं उत्तरें त्यांनीं खऱ्या द्रवावरील प्रयोगांशीं ताडून पाहिलीं आणि तीं जुळलीं. अणूंच्या धक्क्यांचा हिशेब खऱ्या पदार्थाविषयीं खरें बोलूं शकतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. पुढें १९७१ सालीं रहमान व स्टिलिंजर यांनीं पाण्याच्या २१६ रेणूंचा हिशेब केला. आज लवणप्रिय प्रथिनाभोंवतीं जे पाणी गणितांत ओतलें जातें, त्याचा उगम या २१६ रेणूंत आहे. रहमान १९८७ सालीं वारले. त्यांच्या नांवें अमेरिकन फिजिकल सोसायटी एक मानाचें पारितोषिक देते; हैदराबादच्या बाहेर, आमच्या सुशिक्षित घरांतून मात्र त्यांचें नांव क्वचितच ऐकूं येतें.

याच सुमारास आमच्या देशांतहि दोन गोष्टी घडल्या. मद्रासेस जी. एन. रामचंद्रन यांनीं रामकृष्णन व शशिशेखरन या आपल्या तरुण सहकाऱ्यांसह १९६३ सालीं प्रथिनाची सांखळी कोणकोणत्या रीतीनें वळूं शकते व कोणत्या रीतीनें वळूं शकत नाहीं, याचा नकाशा काढला. दोन अणु एकमेकांच्या अंगावर चढूं शकत नाहींत, एवढ्या साध्या अटीवर हें सारें उभारलेलें होतें. आणि हिशेब मेजावरच्या लहान यंत्रांवर झाला होता. तो नकाशा आज जगांतील प्रत्येक प्रथिनाची कसोटी झाला आहे. दुसरी गोष्ट मुंबईची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें ‘टिफ्रॅक’ हें स्वदेशी गणकयंत्र १९६० सालीं चालू केलें होतें. आणि १९६४ सालीं, म्हणजे रहमान यांचा निबंध निघाला त्याच वर्षीं, तेथें ‘सी. डी. सी. ३६००’ हेंच यंत्र येऊन दाखल झालें. म्हणजे तशीच तलवार आमच्या हातीं आली होती. पण ती द्रवाच्या अणूंवर चालविणारा रहमान परदेशीं होता. यंत्र विकत मिळतें. त्यावर काय विचारावें हें शिकलेला माणूस तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होण्यास वर्षें लागतात.

तो कसा तयार होतो हें प्रथिनांच्या हिशेबाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. इस्रायलमधील वाइझमन संस्थेंत लिफ्सन यांच्या हाताखालीं एरीय वॉर्शेल व मायकेल लेव्हिट या दोघां तरुणांनीं मोठ्या रेणूंतील बलांचा हिशेब यंत्रावर बसविला. त्या वेळीं लेव्हिट यांची डॉक्टरेट सुरूहि झाली नव्हती. वॉर्शेल डॉक्टर झाल्यावर हार्वर्ड येथें मार्टिन कारप्लस यांच्याकडे उमेदवारीस गेले, आणि रेणूचा नाजूक भाग नव्या क्वांटम गणितानें व उरलेला भाग जुन्या न्यूटनच्या गणितानें हाताळण्याची जोड-रीत त्या वर्षांत आकारास आली. स्वतः कारप्लस यांनींहि डॉक्टरेटनंतर ऑक्सफर्डला अशीच उमेदवारी केली होती. त्याच हार्वर्डमध्यें मॅकॅमन या नुकत्याच डॉक्टर झालेल्या तरुणानें, गेलिन व कारप्लस यांच्यासह, १९७७ सालीं एका प्रथिनाची हालचाल प्रथमच गणितानें दाखविली. तें प्रथिन बैलाच्या स्वादुपिंडांतलें, ५८ घटकांचें, अगदीं लहान होतें. हिशेब झाला तो सुमारें ९ पिकोसेकंदांचा, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख-कोटींवा भाग! भोंवतालच्या पाण्याचा त्यांत विचारच नव्हता. तथापि प्रथिन हें दगडासारखें ताठ नसून सतत थरथरत असतें, ही दृष्टि त्या नऊ पिकोसेकंदांनीं दिली. कारप्लस, लेव्हिट व वॉर्शेल यांस २०१३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना गौरविलेलें काम बव्हंशीं कच्च्या नोकरीच्या किंवा नोकरीपूर्वीच्या वयांत झालें होतें.

आणि प्रगति किती झाली? २०१० सालीं न्यूयॉर्क येथील शॉ यांच्या मंडळींनीं, मुद्दाम याच कामासाठीं बांधलेल्या ‘अँटन’ यंत्रावर, त्याच ५८ घटकांच्या प्रथिनाचा, या वेळीं पाण्यासकट, एक मिलिसेकंदाचा हिशेब केला. ३३ वर्षांत पल्ला दहा कोटि पटींहून अधिक वाढला. तरी एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावाच भाग! डोळ्याची पापणी लवण्यास त्याच्या शंभरपट वेळ लागतो. या विद्येच्या अभ्यासकास नम्रता वेगळी शिकवावी लागत नाहीं.

महाराष्ट्राकडे वळलें असतां पुण्याचें नांव पुढें येतें. अमेरिकेनें महागणकयंत्र देण्यास अडवणूक केली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली. तिचे पहिले सूत्रधार विजय भटकर हे बुलढाण्याच्या शेजारच्याच अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे. १९९१ सालीं ‘परम ८०००’ हें यंत्र तयार झालें. एक अवाढव्य मल्ल आणण्याऐवजीं पुष्कळ लहान गणकांनीं काम वांटून घ्यावें, ही त्यामागील युक्ति होती. रेणूंच्या हिशेबास ती फार मानवते. कारण अणूंच्या जोड्या वांटून देतां येतात.

पुणें विद्यापीठांत श्रीधर गद्रे व त्यांचे तरुण सहकारी शिरसाट व लिमये यांनीं १९९४ सालीं वेगळीच वाट काढली. रेणूंतील विद्युत्कणांचा हिशेब अतिशय महाग असतो. नेहमींच्या रीतीनें रेणु दुप्पट मोठा घेतला तर काम सोळापट वाढतें. तेव्हां मोठा रेणु शिंप्यानें कापड बेतावें तसा एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत कापावा, तुकड्यातुकड्याचा हिशेब करावा, आणि शेवटीं उत्तरें शिवून एक करावीं, अशी ही ‘रेणूंची शिंपीकला’ आहे. जेथें यंत्र तोकडें तेथें बुद्धीनें कापड पुरवून घेतलें. काटकसरीनें संसार करणाऱ्या आमच्या मध्यम वर्गास यांतील खुबी सांगावयास नको. २०१५ नंतर राष्ट्रीय महासंगणन योजनेखालीं देशांत ठिकठिकाणीं मोठीं यंत्रें बसलीं. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेंत ‘परम ब्रह्म’ आलें. यंत्राची उणीव आतां पूर्वींइतकी नाहीं.

उणीव आहे ती उमेदवाराच्या स्थैर्याची. विज्ञानांतील डॉक्टरेटनंतरच्या शिष्यवृत्त्यांची अमेरिकेंतील पद्धतशीर योजना १९१९ सालीं रॉकफेलर यांच्या पैशानें सुरू झाली. हुशार तरुणास कांहीं वर्षें अध्यापनाच्या ओझ्यांतून मोकळें ठेवावें, हा त्याचा उदार हेतु होता. आज तीच मोकळीक पुष्कळांस टांगणी वाटते. आपल्याकडील राष्ट्रीय शिष्यवृत्ति दोन वर्षांची असते. पहिलें वर्ष विषय पचविण्यांत जातें, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यासच पुढच्या जागेसाठीं अर्ज लिहावे लागतात. प्रथिनाचा हिशेब मात्र शिष्यवृत्तीची मुदत पाहून संपत नाहीं. शिवाय या कामांत दिसण्यासारखें कांहीं नसतें. शेतांत पीक दिसतें, दवाखान्यांत रोगी बरा होतो. येथें महिनोन्‌महिने यंत्र चालतें, आणि शेवटीं कधीं कधीं एवढेंच कळतें कीं, आरंभीं धरलेला बलाचा नियम या रेणूस लागू पडत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आतां या साऱ्याची गरजच काय? २०२४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल बेकर, हासाबिस व जंपर यांस मिळालें; आणि त्यांपैकीं दोघांच्या ‘अल्फाफोल्ड’ या बुद्धियंत्रानें प्रथिनांचे आकार झपाट्यानें सांगितले. आक्षेप रास्त आहे. परंतु अपुरा आहे. आकार सांगणें आणि हालचाल सांगणें हीं दोन कामें आहेत. लवणप्रिय प्रथिनाचा आकार हातीं आला, तरी मीठ वाढल्यावर त्याच्याभोंवतीं पाणी कसें टिकतें, याचें उत्तर केवळ आकारांत नसतें. आणि गंमत अशी कीं, स्वतः जॉन जंपर हे डॉक्टरेटपूर्वीं वर उल्लेखिलेल्या शॉ यांच्या संशोधनशाळेंत प्रथिनांच्या हालचालींचाच हिशेब करीत होते. म्हणजे हें नवें फळहि जुन्या झाडाचेंच होय.

तेव्हां इतिहासाचा निकाल काय? माझ्या मतें तो दुहेरी आहे. उमेदवारीचीं वर्षें वायां जात नाहींत. या विद्येचें जें जें श्रेष्ठ आहे, तें बहुतेक त्याच वर्षांत निपजलें. परंतु त्याच इतिहासांत आर्यना रोझेनब्लुथ व मेरी मॅनसिघ यांच्याहि कथा आहेत. आणि त्या आठवल्या कीं, केवळ गोड शब्दांनीं उमेदवाराची समजूत घालण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. संस्थेनें त्याला कामाचें नांव द्यावें, आणि वेतन वेळेवर द्यावें. त्याच्या गुरूनें पुढची जागा नसेल तर तें स्पष्ट सांगावें, उगाच आशेवर ठेवूं नये. घरच्यांनीं दोन-चार वर्षांची सबुरी द्यावी, आणि ती मुलाइतकीच मुलीसहि द्यावी; कारण मूल झाल्यावर यंत्रापासून उठून जाण्याची पाळी आजवर बहुधा स्त्रीवरच आली आहे. उमेदवारानेंहि एक ऋण फेडावयाचें असतें : हिशेबाची मर्यादा लपवूं नये. रहमान यांचा मोठेपणा ८६४ अणूंत नव्हता. आपलें उत्तर प्रयोगाच्या दारांत उभें करण्याच्या तयारींत होता.

लोणारचें पाणी ऋतुमानाप्रमाणें चढतें, उतरतें. २०२० चा गुलाबी रंग पाऊस पडल्यावर ओसरला. वर्तमानपत्रांनीं दुसरे विषय घेतले. त्या पाण्यांतल्या सूक्ष्म जीवांचीं प्रथिनें मात्र मिठांत आपला तोल सांभाळीत आहेतच. आणि तो तोल कसा सांभाळला जातो, हें समजून घेण्यास कोठेंतरी एखादा तरुण वा तरुणी, पक्की नोकरी नसतांना, रात्रीं यंत्राचे आंकडे तपाशीत बसलेली असेल. पुढच्या दिवाळीस ती घरीं आली, तर “अजून शिकतेसच का?” असें विचारण्यापूर्वीं तिला एवढेंच विचारून पाहावें, “काय मोजतेस, तें सांग पाहूं.” अर्धा तास ऐकण्याइतकें तें खास मनोरंजक असतें.